पाळीचे वर्ग : कपडा, पॅड आणि गोव्यातला पावसाळा

पंचायतीच्या सभागृहात किंवा अंगणवाडीत पाचवी ते आठवीच्या मुलींना गोलात बसवून पाळीविषयी शिकवणारे वर्ग गोव्यात आता नवे राहिलेले नाहीत. एप्रनवर कापडी गर्भाशय आणि बीजकोश योग्य जागी चिकटवायचे, मण्यांच्या माळेवर दिवस मोजायचे, सुईदोरा घेऊन स्वतःचा कापडी पॅड शिवायचा, असे त्यांचे स्वरूप असते. इथवर पोचायला बराच काळ लागला.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. बालविवाहाच्या दिवसांत पहिल्या पाळीनंतर ऋतुशांती हा धार्मिक विधी व्हायचा. म्हणजे सगळ्या वाड्याला कळायचे, पण शरीरात काय घडले हे त्या मुलीला कुणी सांगत नसे. मुक्तीनंतर, १९६१ नंतरच्या दशकांत, गावोगाव शाळा आल्या, तरी विज्ञानातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सुटत राहिला. पुढे पॅड बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधी शाळांत व्याख्याने देऊ लागल्या, शेवटी प्रत्येकीला एक पाकीट मिळायचे. ही व्याख्याने बहुधा वरच्या वर्गांत होत आणि तोवर बहुतेकींची पाळी सुरू झालेली असे. ज्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घाबरायला होते तिच्यापर्यंत ती पोचलीच नाहीत.

२०११ मध्ये केंद्राची योजना आली. ग्रामीण भागातल्या १० ते १९ वयाच्या मुलींना आशा कार्यकर्तीमार्फत ६ रुपयांत ६ पॅड मिळू लागले. २०१४ मध्ये किशोरवयीन आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जुलै २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी लागला आणि वर्षभराच्या ओरडीनंतर जुलै २०१८ मध्ये तो उठला. सगळी चर्चा पॅड आणि त्याच्या किमतीभोवती फिरत होती. समजावून सांगण्याचे काम मागे राहिले ते राहिलेच.

आजही वर्ग घेणाऱ्यांत सर्वांत जास्त वाद होतो तो कपडा ‘स्वच्छ’ साधनांत न मोजण्याच्या सरकारी पाहणीतल्या निर्णयावरून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुली-बायका पाळीत काय वापरतात हे विचारतात. सॅनिटरी नॅपकिन, स्थानिक पातळीवर बनवलेले नॅपकिन, टॅम्पॉन (योनीत ठेवायचा शोषक बोळा) आणि चौथ्या पाहणीनंतर कपही (पाळीचे रक्त साठवणारी, धुवून वापरायची वाटी) ‘स्वच्छ’ साधनांत मोजले जातात. कपडा मात्र मोजला जात नाही. २०१९-२१ च्या पाहणीत अशी साधने वापरणाऱ्यांचा देशाचा आकडा सुमारे ७८ टक्के होता, आधीच्या पाहणीत तो सुमारे ५८ होता. गोवा नव्वदीच्या पुढे होता. त्यामुळे इथे प्रश्न सुटला, असा निष्कर्ष सहज काढला जातो.

पण कपडा मुळात अस्वच्छ नसतो. तो लपवून वाळवला की अस्वच्छ होतो. जून ते सप्टेंबर गोव्यात चार चार दिवस ऊन पडत नाही. अशा दिवसांत माळ्यावर, कपाटामागे, दुसऱ्या कपड्याखाली दडवलेला तुकडा ओलाच राहतो, त्याला वास येतो आणि अंगावर खाज सुटते. साबणाने धुवून उघड्या दोरीवर उन्हात वाळवलेला सुती कपडा ही वेगळी गोष्ट आहे. पाहणीने दोन्हींना एकाच खान्यात टाकले. गंमत म्हणजे वर्गात मुलीने स्वतः शिवलेला पॅड ‘स्थानिक नॅपकिन’ म्हणून मोजायचा की ‘कपडा’ म्हणून, हे ती विचारणाऱ्याला काय उत्तर देते त्यावर ठरते. मोजण्याच्या सोयीसाठी हे केले असेल, तरी त्यामुळे आजी-आयांचे सगळे ज्ञान घाणीत जमा झाले, असे मला ठामपणे वाटते.

दुसरीकडून कचऱ्याने दार ठोठावले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेला पॅड गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितले. पण शौचालयात टाकलेल्या पॅडने तुंबलेली टाकी उपसणाऱ्याला आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला ठाऊक असते की तो नेहमी गुंडाळलेला येत नाही. डिचोली तालुक्यातल्या एका बचतगटाच्या बायकांनी पाइनच्या लाकडाच्या लगद्याचे, कुजणारे पॅड बनवायला घेतले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर पॅड अत्यावश्यक वस्तूंत येतात हे केंद्राला वेगळे स्पष्ट करावे लागले. शाळा बंद, दुकाने बंद. तेव्हा शिवलेला कापडी पॅड धुवून पुन्हा वापरता येतो, याची किंमत कळली.

हाताने करून शिकवण्याचे वर्ग या सगळ्यांतून आकाराला आले. त्यातला एक भाग पाहण्यासारखा असतो. पॅड, सुती कपडा आणि नायलॉनची चिंधी शेजारी ठेवून प्रत्येकावर चमचाभर लाल पाणी ओततात. नायलॉनवरून पाणी ओघळते, सुतीत झिरपते. मुली बोटाने दाबून बघतात, मग फ्लॅनेलचे थर किती लागतील ते आपापसांत ठरवतात आणि बटण कुठे लावायचे यावर भांडतात. आईला बरोबर बोलावले असेल तर ‘माझ्या वेळी कुणी सांगितलं नाही’ हे वाक्य हमखास येते.

मुलग्यांना बसवायचे का, यावर गावागणिक निर्णय वेगळा होतो. पहिला तास मुलींचाच असावा, नाहीतर प्रश्न गिळले जातात. पण त्याच आठवड्यात मुलग्यांनाही तोच एप्रन हातात द्यायला हवा, कारण स्कर्टवर डाग दिसला की मागच्या बाकावर हसणारे तेच असतात.