गोंगाटातलं सुडोकू

सकाळी पेपर आला की वडील आधी सुडोकूचं पान काढतात. या घरात तीन येईल किंवा सात, एवढं कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतात आणि दुसऱ्या रांगेकडे वळतात. तिथे सात पक्का झाला की परत येऊन इथे तीन ठोकतात. सगळ्या घरांत सगळे आकडे भरून बघायचे म्हटले तर जन्म पुरायचा नाही. अनेक मोबाइल एकाच वेळी, एकाच लहरीवर बोलू लागले, तर टॉवरपुढे असंच कोडं पडतं.

जुना उपाय पाळीचा. जीएसएम या जुन्या मोबाइल पद्धतीत एका वाहक लहरीवर आठ जणांना आळीपाळीने क्षणभर बोलू दिलं जाई. शिस्त चांगलीच, पण पाण्याच्या मीटरसारखी हजारो यंत्रं दिवसातून एखादा आकडा पाठवणार असतील, तर पाळी मागण्या-देण्याची बोलणीच निरोपापेक्षा लांब होतात. त्यापेक्षा सगळ्यांना एकदम बोलू द्यावं आणि कोण काय म्हणालं ते टॉवरने निस्तरावं, ही कल्पना पुढे आली.

निस्तरायचं कसं, याचं सर्वोत्तम उत्तर संदेशवहनाचे अभ्यासक सर्जिओ वेर्दू यांनी १९८६ मध्ये मांडलं: प्रत्येकाच्या बोलण्याची प्रत्येक शक्यता जुळवून पाहा आणि कानावर आलेल्या आवाजाशी सगळ्यात जवळची निवडा. उत्तर बिनचूक, पण भयंकर महाग. प्रत्येक जण फक्त ० किंवा १ म्हणतोय असं धरलं तरी दहा जणांच्या १,०२४ जुळण्या होतात, वीस जणांच्या दहा लाखांवर आणि तीस जणांच्या १०७ कोटी. दर माणसामागे काम दुप्पट. आणि हा एका अक्षराचा हिशेब झाला. पुढचं अक्षर तोवर दारात उभं असतं.

मग अवघड भाग मोबाइलच्या बाजूला, आधीच सोपा करून ठेवायचा. २०१३ मध्ये मांडलेल्या 'एससीएमए' पद्धतीचं नेहमीचं उदाहरण घ्या. चार लहरी, सहा मोबाइल. प्रत्येकाने चारपैकी दोनच लहरींवर बोलायचं. चारांतून दोनाच्या जोड्या सहाच होतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी जोडी मिळते. एका लहरीवर तिघंच भेटतात आणि कुठलेही दोघं एकापेक्षा जास्त लहरींवर एकमेकांना अडवत नाहीत. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

प्रत्येकाला चार अक्षरांपैकी एक पाठवायचं असेल, तर सहा जणांच्या मिळून ४,०९६ जुळण्या. पण एका लहरीपुरतं पाहिलं तर तिघांच्या ६४, आणि चार लहरींच्या २५६. अंदाज पक्के व्हायला असे चार-पाच फेरे लागतात, म्हणजे इथे बचत बेताचीच. तोच साचा बारा लहरी आणि अठरा मोबाइलपर्यंत वाढवा: एकत्र जुळण्या ६,८७१ कोटींच्या वर, लहरीगणिक पाहिलं तर मात्र बाराही लहरींच्या मिळून फेऱ्याला ७६८.

फेऱ्यात होतं ते वडिलांच्या सुडोकूसारखंच. पहिली लहर म्हणते, 'या मोबाइलने बहुधा दुसरं अक्षर पाठवलं असावं.' हा अंदाज त्या मोबाइलच्या दुसऱ्या लहरीकडे जातो, ती आपल्याकडचे बाकीचे दोघं त्याच्या आधारे तपासते आणि त्यांचे अंदाज पुढे धाडते. पथ्य एकच: ज्याने सांगितलं, त्यालाच तेच परत सांगायचं नाही. नाहीतर आपणच सोडलेली पुडी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणसाला ती खरी वाटू लागते, तसं गणिताचंही होतं. तरी तीन लहरींना वळसा घालून ती पुडी घरी येतेच, त्यामुळे उत्तर वेर्दूंच्या उत्तराइतकं चोख राहत नाही. जवळपास पोचतं, आणि व्यवहारात तेवढं भागतं.

उरलेली काटकसर लॉग टेबलाची. शक्यतांचे गुणाकार लॉगमध्ये नेले की बेरजा होतात, हे अकरावीत सगळ्यांनी घोकलंय. शक्यतांच्या बेरजा मात्र लॉगमध्ये किचकट होतात. तिथे सरळ सगळ्यात मोठी शक्यता ठेवायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. ढोबळपणा आहे खरा, पण चिपमध्ये बेरीज आणि तुलना हीच स्वस्त कामं. शिवाय एखाद्याचं अक्षर दोन फेऱ्यांतच पक्कं झालं, तर ते गोठवून टाकायचं आणि हिशेब फक्त उरलेल्यांचा करायचा.

मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने अशा अनेक पद्धती तपासल्या, पण २०१८ च्या अखेरीस तो अभ्यास संपला तेव्हा एकही मानकात घेतली नाही. निरोप फिरवत उकल करायची युक्ती मात्र तुमच्या ५जी फोनमध्ये आधीपासून आहे, वेगळ्या कामाला. वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करणारे एलडीपीसी कोड रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० च्या प्रबंधात याच उकलीसकट मांडले होते. त्या वेळच्या यंत्रांना ते झेपले नाहीत आणि तीसेक वर्षं फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही.