पाणीपुरवठा व्यावसायिक संघटनांचे अध्यक्षपद

शहरांना पाणी पुरवणाऱ्या संस्था आणि त्यांत काम करणारे अभियंते, रसायनज्ञ व व्यवस्थापक यांच्या सामायिक संघटनेचे निवडून दिलेले नेतृत्व. कामगार संघटनेहून ही संघटना वेगळी. वेतन व सेवाशर्ती हा तिचा विषय नसून तांत्रिक मानके, प्रशिक्षण, नियतकालिक आणि वार्षिक अधिवेशन हे तिचे कार्यक्षेत्र होय. भारतात इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन (स्थापना १९६८, मुख्यालय मुंबई) ही या प्रकारातील प्रमुख संस्था असून नागपूर येथे तिचे केंद्र आहे.

अशा संघटनांचा आरंभ कोठे झाला, याचे उत्तर ‘संघटना’ कोणाची मानायची यावर अवलंबून आहे. जर्मनीतील संघटना सर्वांत जुनी (१८५९) असली, तरी ती मुळात गॅस-व्यवसायातील तज्ज्ञांची होती आणि पाणी हा विषय तिच्यात नंतर आला. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन २९ मार्च १८८१ रोजी सेंट लुइस येथे स्थापन झाली. तेव्हा जमलेले २२ जण प्रामुख्याने पाणीपुरवठा यंत्रणा प्रत्यक्ष चालवणारे होते. ब्रिटनमधील संघटना १८९६ ची असून १९११ मध्ये तिचे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ वॉटर एंजिनिअर्स’ असे नामांतर झाले. केवळ पाण्यासाठी उभी राहिलेली संघटना एवढाच निकष लावल्यास १८८१ हे वर्ष आरंभाचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अमेरिकेत संघटना यंत्रणा चालवणाऱ्यांची आणि ब्रिटनमध्ये नावाप्रमाणेच अभियंत्यांची, हा भेद मात्र सनावळीपेक्षा महत्त्वाचा आहे. कारण पुढे व्यक्ती आणि संस्था अशा दोन्ही प्रकारच्या सभासदांना सामावून घेणाऱ्या संघटनांत अध्यक्षाला या दोहोंचे प्रतिनिधित्व करावे लागले. आंतरराष्ट्रीय पातळीवरील इंटरनॅशनल वॉटर असोसिएशन ही १९९९ मध्ये दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून झाली. त्यांपैकी एक (१९४७) पुरवठ्याची, तर दुसरी (१९६५) जलप्रदूषणाच्या संशोधनाची होती.

नागपूरचा या परंपरेशी संबंध संघटनांपेक्षाही जुना आहे. सर अलेक्झांडर बिनी (१८३९–१९१७) हे मध्य प्रांताच्या बांधकाम खात्यात असताना, भोसलेकालीन अंबाझरी तलावाचा बांध उंचावून शहराला नळाने पाणी देण्याची योजना त्यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण केली. पुढे ब्रॅडफर्डचा पाणीपुरवठा व लंडन काउंटी कौन्सिलचे मुख्य अभियंतापद सांभाळून ते १९०५ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्सचे अध्यक्ष झाले. ती संस्था केवळ पाण्याची नव्हे, हे खरे. परंतु पाणीपुरवठ्याच्या कामातून पुढे आलेला अभियंता व्यवसायाच्या सर्वोच्च पदी पोचल्याचे ते ठळक उदाहरण आहे.

बिनी यांची खरी ओळख भारतीय विद्यार्थ्यांना होते ती जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील एका छोट्या कोष्टकातून. नागपूरजवळच्या सुमारे १६ चौ. किमी. पाणलोट क्षेत्रात १८६९ ते १८७२ च्या सुमारास त्यांनी पाऊस व वाहून येणारे पाणी मोजले. हे क्षेत्र अंबाझरीचेच असावे, असे काळ व आकारमान यांवरून मानता येते. कोष्टकानुसार वर्षाला ५०० मिमी. पाऊस पडल्यास त्यातील १५ टक्के पाणी वाहून येते, ८०० मिमी.ला २९ टक्के, तर १,००० मिमी.ला ३८ टक्के. म्हणजे १६ चौ. किमी.वर १,००० मिमी. पाऊस झाला, तर सुमारे ६ दशलक्ष घनमीटर पाणी तलावात यावे. पाऊस निम्म्यावर आला, तर मात्र पाणी निम्मे न राहता जेमतेम पाचवा हिस्सा उरते. हा आकडा अन्य प्रदेशांत सरसकट वापरणे योग्य नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाचे संशोधन नागपुरात स्थिरावले. १९५८ मध्ये येथे सुरू झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था १९७४ पासून ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या नावाने ओळखली जाते. शहराचा पुरवठा अंबाझरीवरून गोरेवाडा, कन्हान व पेंच यांवर गेला, आणि २०१२ पासून तो पंचवीस वर्षांच्या करारान्वये खाजगी सहभागाने चालवला जातो.

अध्यक्षाची औपचारिक कर्तव्ये (सभा चालवणे, समित्या नेमणे, अधिवेशन भरवणे) सर्वत्र जवळपास सारखीच आहेत. अमेरिकन संघटनेत नियोजित, विद्यमान व मावळते असे तिन्ही अध्यक्ष एकाच वेळी कार्यकारी मंडळात असतात, त्यामुळे धोरणात सातत्य राहते. प्रत्यक्ष प्रभाव पडतो तो समित्यांनी ठरवलेल्या मानकांतून व व्याख्यांतून. ‘बिगर-महसुली पाणी’ या संज्ञेचे उदाहरण बोलके आहे. ज्या पाण्याचे बिल होत नाही, त्याला पूर्वी सरसकट गळती म्हणण्याची सवय होती. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जलताळेबंदाने (पुरवलेल्या पाण्याच्या जमाखर्चाने) त्याचे तीन भाग पाडले : जलवाहिनीतून खरोखर झिरपणारे पाणी, मीटरची चूक व अनधिकृत नळजोडणी यांमुळे हिशेबाबाहेर राहिलेले पाणी, आणि अग्निशमनासारख्या कामासाठी रीतसर पण बिलाविना दिलेले पाणी. पहिला भाग शोधण्यासाठी रात्री दोन ते चारच्या दरम्यान, सर्व नळ जवळपास बंद असताना, एखाद्या विभागात शिरणारा प्रवाह मोजतात. दुसऱ्यासाठी मीटर काढून कसोटी-मंचावर लावावे लागते. पहिले काम देखभाल अभियंत्याचे, दुसरे बरेचसे महसूल शाखेचे. त्यामुळे या व्याख्येवर देखभाल व महसूल अशा दोन्ही बाजूंच्या सभासदांची संमती मिळवणे हे अध्यक्षाचे सर्वांत नाजूक काम ठरते.