इस्लामी परंपरेतील मनःस्वास्थ्य आणि कामकाज

मनाची शांती, मनाचे विकार आणि पोटापाण्याचा उद्योग यांविषयी मुस्लिम वैद्य, तत्त्वज्ञ, सूफी व धर्मशास्त्री यांनी केलेला विचार आणि त्यातून रुळलेल्या प्रथा यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. हा विचार एकसंध नाही. कुराण व हदीस (पैगंबरांची वचने व आचरण यांची परंपरा), ग्रीक वैद्यकातून आलेली शरीरातील चार रसांची कल्पना, सूफींची साधना आणि फिकहचे (धर्मशास्त्राचे) नियम असे अनेक प्रवाह त्यात मिसळले आहेत. तरीही एक धागा सर्वत्र सापडतो. मन हे झोप, घर, रोजी आणि उपासना यांच्यापासून तोडून पाहिलेले नाही. यांतील प्रत्येकाचा माणसावर हक्क असतो आणि एकाचा हक्क बुडवून दुसऱ्याचा भागवला, तर बिघाड होतो, अशी ही धारणा आहे.

कुराणात ‘नफ्स’ म्हणजे जीव किंवा स्व याच्या तीन अवस्था येतात : वाईटाकडे ओढणारा (अम्मारा, सूरा १२), स्वतःला दोष देणारा (लव्वामा, सूरा ७५) आणि समाधान पावलेला (मुतमइन्ना, सूरा ८९). पुढे सूफींनी या तिन्हींची चढती शिडी केली. त्यांच्या जोडीला ‘कल्ब’ (समज व श्रद्धा यांचे स्थान असलेले अंतःकरण), ‘अक्ल’ (बुद्धी) आणि ‘रूह’ (आत्मा) या संज्ञा येतात. नफ्सच्या तीन अवस्था मनोविश्लेषक फ्रॉइडच्या त्रयीशी (इड, इगो, सुपरइगो) जुळवून दाखवण्याचा मोह आधुनिक लेखकांना वारंवार होतो. ती जुळणी ओढूनताणून केलेली असते. फ्रॉइडचे तीन घटक एकाच वेळी एकमेकांशी झगडतात, तर इथे एकाच जीवाची नैतिक वाटचाल अभिप्रेत आहे.

‘ज्याचा इमान (श्रद्धा) पक्का, तो खचत नाही’ असे अनेक घरांत आजही ऐकवले जाते. मूळ ग्रंथ मात्र याला फारशी साथ देत नाहीत. कुराणातील याकूब पैगंबर मुलाच्या वियोगात इतके झुरतात, की त्यांचे डोळे पांढरे पडतात (१२:८४). तरी ‘सुंदर धीर’ धरणारे म्हणून आदर्श मानले जातात तेही तेच. पैगंबर मुहंमद यांच्या पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी निवर्तले, ते साधारण इ. स. ६१९ हे वर्ष इस्लामी इतिहासात ‘दुःखाचे वर्ष’ म्हणूनच नोंदले गेले आहे. तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबर रडले आणि डोळे वाहतात, मन दुःखी होते, पण ईश्वराला न रुचणारे काही आम्ही बोलत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार हदीसमध्ये आहेत. चिंता व दुःख, हतबलता व आळस यांपासून आसरा मागणारी त्यांची प्रार्थनाही प्रसिद्ध आहे. झोपलेला माणूस, मूल आणि वेडा यांच्यावर धार्मिक जबाबदारी नाही, हा नियमही हदीसवरच उभा आहे. म्हणजे मनाचा आजार हा दोष नसून सूट देण्याजोगी अवस्था, असा त्याचा रोख आहे.

वैद्यकीय अंगाने या परंपरेतील सर्वांत लक्षणीय नाव अबू झैद अल-बल्खी (सु. ८५०–९३४) यांचे. बल्खजवळच्या (आजचा अफगाणिस्तान) खेड्यात जन्मलेले बल्खी हे तत्त्वज्ञ अल-किंदी यांचे शिष्य आणि भूगोलकार म्हणूनही मान्यता पावलेले. मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस (शरीरे व मने यांचे पोषण) या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग शरीराविषयी, तर दुसरा मनाविषयी आहे. वैद्य शरीरावर लिहितात आणि मन सोडून देतात, ही त्यांची तक्रार आहे. शरीराचा एखादा आजार आयुष्यभर न झालेला माणूस सापडेल, पण मनाच्या त्रासातून कोणीच सुटलेला नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

मनाच्या त्रासांची विभागणी त्यांनी राग, भीती, दुःख आणि वस्वसा (मनात घुसून बसलेले नकोसे विचार, म्हणजे मंत्रचळ) अशी केली. त्यातही दुःखाविषयीचे त्यांचे विवेचन थक्क करणारे आहे. जिवलग माणूस किंवा संपत्ती गेल्याने होणारे दुःख वेगळे आणि काही कारण सापडत नसताना माणसाला घेरणारी उदासी वेगळी, असा भेद ते करतात. पहिल्यावर विचार व समजूत हा उपाय. दुसरीचे मूळ शरीरात असल्याने तिच्यावर शरीराचेच उपचार करावेत, असे ते सांगतात. रक्तातील दोष हे त्यांनी दिलेले कारण आज टिकत नाही, पण तो भेद टिकला. उपाय दोन बाजूंनी करायचे : बाहेरून हितचिंतकाचा सल्ला आणि आतून स्वतःचेच विचार. घरात अडीअडचणीला औषधे ठेवतात, तसे मन शांत असताना चांगले विचार घडवून साठवावेत आणि राग किंवा भीतीची लाट आली की ते वापरावेत, ही त्यांची सूचना आजच्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या (विचारांची घडण बदलून त्रास कमी करणाऱ्या उपचाराच्या) बरीच जवळ जाते. वस्वसा जडलेल्याने एकटे आणि रिकामे बसू नये, असेही ते बजावतात. हा ग्रंथ शतकानुशतके इस्तंबूलच्या हस्तलिखित संग्रहात पडून होता. त्याची छायाप्रत १९८४ मध्ये निघाली आणि मनोविकारांचा भाग इंग्रजीत आला तो २०१३ मध्ये.

वस्वशाशी धर्मशास्त्र्यांचाही रोजचा संबंध येई, कारण तो बहुधा उपासनेतच डोके वर काढतो. वुझू (नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुणे) करताना कोपर कोरडे राहिले का, ही शंका. म्हणून पुन्हा धुणे. मग पाणी पुरेसे शुद्ध होते का, ही शंका. तोवर जमात (सामूहिक नमाजाची रांग) उभी राहून नमाज संपत आलेली. हनबली पंथाचे (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार शाखांपैकी एकीचे) इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनी अशा लोकांना उद्देशून स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. खात्री ही शंकेने मोडत नाही, हा फिकहमधील पायाभूत नियम इथे कामी येतो : एकदा धुतले की धुतले, नंतरच्या शंकेकडे लक्ष द्यायचे नाही, उलट तिच्याकडे लक्ष देणे हेच चूक. मंत्रचळावरच्या आधुनिक उपचारातही पुन्हापुन्हा करण्याची कृती रोखून धरण्यावरच भर असतो. त्यामुळे काही मुस्लिम मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला इमामाकडून हा नियम वदवून घेतात. डॉक्टरच्या शब्दापेक्षा तो लवकर पटतो.

काम आणि मन यांची गाठ अबू हामिद अल-गझाली (१०५८–११११) यांच्या चरित्रात जितकी उघड दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसते. १०९१ मध्ये वजीर निझाम अल-मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निझामिया मदरशात प्राध्यापक नेमले. शिष्य शेकड्यांनी, दरबारात वजन, कीर्ती सर्वदूर. १०९५ च्या उन्हाळ्यात त्यांची वाचा बसली. शिकवायला उभे राहावे, तर तोंडातून शब्द फुटेना, घास गिळेना. हा विकार हृदयातून शरीरात उतरला आहे, आतली चिंता दूर झाल्याशिवाय इलाज नाही, असे सांगून वैद्यांनी हात टेकले. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नव्हे, तर नाव आणि मान यांसाठी, या जाणिवेने सुमारे सहा महिने ही ओढाताण चालली, असे ते आत्मकथनात सांगतात. शेवटी मक्केला जातो असे सांगून त्यांनी बगदाद सोडले आणि दमास्कस गाठले. मुलाबाळांपुरते ठेवून उरलेला पैसा त्यांनी वाटून टाकला होता. ते पुन्हा अध्यापनाकडे वळले ते ११०६ मध्ये, निशापूरला. या प्रसंगाला आजकाल सरसकट ‘बर्नआउट’ म्हटले जाते. ते अपुरे आहे. गझाली कामाच्या बोज्याने थकले नव्हते. कामामागच्या हेतूवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

याच काळात रचलेल्या इह्या उलूम अल-दीन या त्यांच्या महाग्रंथात ‘मुहासबा’ म्हणजे आत्मपरीक्षणावर स्वतंत्र खंड आहे. कल्पना जुनी, नवव्या शतकातील सूफी अल-मुहासिबी यांना तर हे नावच त्यावरून पडले. गझालींनी तिला पेढीची भाषा दिली. बुद्धी हा व्यापारी, नफ्स हा भागीदार, आयुष्य हे भांडवल. पहाटेच्या नमाजानंतर भागीदाराला अटी घालून द्यायच्या, दिवसभर नजर ठेवायची, रात्री जमाखर्च मांडायचा, तूट आली तर वसुली करायची. दिवसाचे चोवीस तास म्हणजे चोवीस कोठारे. काही उजेडाने भरलेली, काही अंधाराची, आणि काही नुसतीच रिकामी. रिकाम्या कोठाराचीही हळहळ लागते, असे ते म्हणतात. आधीच स्वतःला बोल लावणाऱ्या माणसाच्या हाती ही पद्धत जाच ठरू शकते, हे उघड आहे. म्हणून सूफी तरिकांत (पंथांत) ती मुर्शिदाच्या (गुरूच्या) देखरेखीखाली करण्याची चाल आहे.

कष्टाची कमाई ही परंपरा उपासनेच्या बरोबरीची मानते. स्वतःच्या हाताने कमावलेल्या अन्नाहून चांगले अन्न कोणी खाल्ले नाही, अशी हदीस आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही दुसरी. उंट बांध आणि मग ईश्वरावर भरवसा ठेव, ही तिसरी. प्रयत्न टाळण्यासाठी ‘तवक्कुल’चे (ईश्वरावर भार टाकण्याचे) निमित्त पुढे करणाऱ्याला हमखास ऐकवली जाणारी. शुक्रवार हा ज्यूंच्या शब्बाथसारखा विश्रांतीचा दिवस नाही. अजान झाली की व्यवहार थांबवा आणि नमाज संपली की पांगून रोजी शोधा, असे कुराण सांगते (६२:९–१०). त्यामुळेच साप्ताहिक सुटी कोणत्या वारी द्यावी, याबाबत मुस्लिम देशांत एकवाक्यता नाही. तुर्कस्तानने १९३५ मध्ये रविवार स्वीकारला, पाकिस्तानात १९७७ ते १९९७ शुक्रवार होता, संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुटी आहे.

कामाला आणि उपासनेलाही मर्यादा असावी, हे सांगणारी कथा सलमान फारसी आणि अबू दर्दा या दोन सहाबींची (पैगंबरांच्या साथीदारांची) आहे. सलमान घरी आले, तर अबू दर्दांची पत्नी जुनेर्‍यात. नवऱ्याला या जगाचे काही नको आहे, असे तिने सांगितले. अबू दर्दांनी पाहुण्यापुढे जेवण ठेवले, स्वतः मात्र रोजा धरलेला. तू खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही, असे म्हणून सलमाननी त्यांना जेवायला बसवले. रात्री अबू दर्दा नमाजाला उठू लागले, तर ‘झोप’ म्हणून पुन्हा झोपवले; रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. तुझ्या ईश्वराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जीवाचा आहे, तुझ्या घरच्यांचा आहे, ज्याचा त्याला दे, असे सलमान म्हणाले आणि पैगंबरांनी त्याला दुजोरा दिला. विशेष म्हणजे इथे अतिरेक चालला होता तो धंद्याचा नव्हे, तर भक्तीचा.

आजच्या कार्यालयांत या विचाराचे रूप कधी कायद्यात दिसते, कधी नुसते भिंतीवरच्या तक्त्यात. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार रमजानमध्ये मुस्लिम कामगारांना दिवसाला सहा तासांहून अधिक काम देता येत नाही. दुसरीकडे, स्थलांतरित मजुराचा परवाना मालकाशी बांधणाऱ्या ‘कफाला’ पद्धतीत आखाती देशांत वेतन थकवण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. घामाची हदीस सर्वांना पाठ असूनही. संशोधक अब्बास अली यांनी १९८८ मध्ये इस्लामी कार्यनीती मोजण्याची प्रश्नावली मांडली. तेव्हापासूनच्या अनेक पाहण्यांत या नीतीचा आणि कामातील समाधानाचा संबंध आढळला आहे. मात्र त्या बहुतेक स्वतःविषयी स्वतःच दिलेल्या उत्तरांवर बेतलेल्या असतात, आणि धर्मनीतीच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा कर्मचारी मिळणे कठीण.

बीमारिस्तान या मध्ययुगीन रुग्णालयांत मनोरुग्णांची सोय असे. कैरोचे मन्सूरी (१२८४), हलबचे (सीरियातील अलेप्पोचे) अर्गून अल-कामिली (१३५४) आणि तुर्कस्तानातील एदिर्नेचे सुलतान बायझीद दुसऱ्याचे संकुल (१४८८) ही त्यांची नावाजलेली उदाहरणे. एदिर्नेत रुग्णांना संगीत ऐकवत. साखळ्यांचा वापरही होई, हे विसरून या संस्थांचे गोडवे गाऊ नयेत.

लोकव्यवहारात मात्र वैद्यापेक्षा जिन्न (अदृश्य योनीतील जीव), नजर आणि करणी यांचाच पगडा मोठा राहिला. कुराणात जिन्नांचा उल्लेख असल्याने श्रद्धाळूला ते नाकारता येत नाहीत. भांडण आहे ते प्रत्येक आजार त्यांच्या माथी मारण्याशी. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्यालगतच्या खासगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात पुढे ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात मुजावरांना (दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना) आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले जाते आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसतात.

‘इस्लामी मानसशास्त्र’ ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने सुदानचे मलिक बद्री (१९३२–२०२१) यांना जाते. पाश्चात्त्य सिद्धांत डोळे झाकून उचलणाऱ्या मुस्लिम मानसशास्त्रज्ञांवर त्यांनी १९७० च्या दशकात कडाडून टीका केली. ती १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आली. बल्खींच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्यांचेच. त्यांचा राग मुख्यतः मनोविश्लेषणावर होता. वर्तनोपचार ते स्वतः रुग्णांवर वापरत आणि त्यात श्रद्धेची जोड देत. त्यांच्या अनुयायांत आता दोन तट आहेत. एकाला प्रचलित उपचारपद्धतींत नमाज, सब्र (धीर) व शुक्र (कृतज्ञता) यांची भर पुरेशी वाटते. दुसरा नफ्स आणि कल्ब यांपासूनच नवी मांडणी सुरू करू पाहतो.