मेटल डिटेक्टर, जुनी नाणी आणि मातीतला पुरावा

२०१० च्या एप्रिलमधली गोष्ट. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रूम गावाजवळच्या शेतात डेव्ह क्रिस्प मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होता. हा माणूस हॉस्पिटलमध्ये शेफ, नाणी शोधणं हा त्याचा छंद. एका जागी जरा विचित्र सिग्नल आला म्हणून त्याने खणलं तर साधारण ३५ सेंटीमीटरवर छोटी छोटी नाणी आणि मडक्याचा काठ लागला. २१ नाणी हातात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की खाली अख्खं मडकं आहे, आणि मग त्याने जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं, त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं.

मडक्यात रोमन काळातली ५२,५०३ नाणी निघाली, वजन भरलं १६० किलो. तो थांबला म्हणून नेमकं काय मिळालं ते पुढे सांगतो, आधी हे मशीन काय करतं ते बघू, कारण त्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत.

डिटेक्टरच्या खालच्या गोल तबकडीत तांब्याच्या तारेच्या दोन कॉइल असतात. एका कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा करंट सोडतात, त्यामुळे खालच्या मातीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्या धातूत गोल गोल फिरणारे छोटे करंट सुरू होतात (घरातल्या इंडक्शन शेगडीवर पातेलं तापतं ते याच तत्त्वावर), आणि या करंटचं स्वतःचं एक बारीक चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरी कॉइल तेवढंच पकडते. तिची जागाच अशी ठरवलेली असते की पहिल्या कॉइलचा सिग्नल तिच्यात जवळपास शून्य व्हावा, म्हणजे बारीकसा बदलसुद्धा लगेच कळतो.

ही आयडिया काही आजची नाही. डेव्हिड ह्यूजने १८७९ मध्ये असं उपकरण दाखवलं होतं आणि त्यावर नाणीसुद्धा तपासली होती. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरलं, पण गोळी काही सापडली नाही, एक तर गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या आणि शिवाय डॉक्टरांनी एकच बाजू तपासू दिली. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधायला हे तंत्र पक्कं झालं आणि मग हळूहळू छंदवाल्यांच्या हातात आलं.

आता चांदी की लोखंड हे मशीनला कसं कळतं? धातूतला करंट लगेच विरतो की थोडा वेळ टिकतो यावर परत येणारा सिग्नल किती मागे पडतो ते ठरतं. चांदी आणि तांबं वीज उत्तम वाहून नेतात, त्यांचा सिग्नल जास्त मागे पडतो, मशीन स्क्रीनवर मोठा आकडा दाखवतं. लोखंड चुंबकीय असल्यामुळे वेगळंच वागतं, म्हणून खिळे बऱ्यापैकी गाळता येतात. पण मशीनला धातूचं नाव कळत नाही हे लक्षात ठेवा, त्याला फक्त धातूचा प्रकार, जाडी आणि आकार या सगळ्याचा मिळून एक परिणाम दिसतो. त्यामुळे सोन्याची बारीक अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची ॲल्युमिनियमची रिंग बऱ्याचदा एकाच आकड्यावर येतात. आपल्या सातवाहनांची तर कितीतरी नाणी शिशाची आहेत, आणि शिसं चांदीच्या मानाने तेरा-चौदा पट कमी वीज वाहतं, म्हणजे चांदीच्या मोठ्या आकड्याची वाट बघणारा माणूस दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं कचरा समजून सोडून देईल. नाणं आडवं असेल तर सिग्नल चांगला येतो, उभं असेल तर करंट फिरायला जागाच कमी मिळते आणि तेच नाणं जेमतेम ऐकू येतं.

खोलीचं गणित अजून कडक आहे. कॉइलचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं आणि नाण्याकडून परत येणारं क्षेत्रही तसंच, दोन्ही मिळून छोट्या वस्तूचा सिग्नल साधारण अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. म्हणजे कॉइलच्या मानाने नाणं लांब असेल आणि अंतर दुप्पट झालं तर सिग्नल ६४ पट कमी. म्हणूनच एकटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळतं, फार तर जरा जास्त. त्यातून आपली दख्खनची माती बेसाल्टपासून झालेली, त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं, कोकणातला जांभा तर लोहाने भरलेलाच, त्यामुळे माती स्वतःच सिग्नल देते आणि मशीनला आधी त्या जमिनीची सवय करून द्यावी लागते, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

हे गणित समजलं की एक फसवणूक आपोआप टळते. दोन अँटेना लावलेली, "शंभर मीटरवरून जमिनीखालचं सोनं दाखवणारी" मशीनं लाखो रुपयांना विकली जातात, ती घेऊ नका. अशीच अँटेनावाली एडीई ६५१ नावाची खोटी बॉम्बशोधक यंत्रं इराकमध्ये विकली गेली, ती विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली. गुप्तधनाच्या नादाला लागून घरं बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडेही येत असतात, त्यात आता मांत्रिकाच्या जोडीला असं मशीन आलंय आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

आता परत फ्रूमकडे. अ‍ॅलन ग्रॅहम या पुरातत्त्वज्ञाच्या टीमने ते मडकं एकदम रिकामं न करता थराथराने उपसलं आणि प्रत्येक थरातली नाणी वेगळी ठेवली. त्यात कॅरॉसियस नावाच्या राजाची, म्हणजे इ.स. २८६ ते २९३ मध्ये ब्रिटनवर स्वतंत्रपणे राज्य करणाऱ्याची, सातशेच्या वर नाणी होती, ती या साठ्यातली सगळ्यात नवी. कोणी वर्षानुवर्षं त्या मडक्यात बचत करत असता तर सगळ्यात नवी नाणी वर असती ना? ती बहुतेक खाली निघाली. म्हणजे सगळी नाणी एकाच वेळी ओतली गेली. आणि एवढं पातळ मडकं १६० किलो भरून उचलता येणार नाही, म्हणजे आधी मडकं खड्ड्यात ठेवलं आणि मग भरलं. लपवलेला पैसा असेल तर परत काढायला सोपा असा ठेवतात, म्हणून काही अभ्यासकांचा अंदाज असा की हे देवाला अर्पण केलेलं असावं. अंदाज पटो न पटो, वादाला पुरावा मिळाला तो थरांमुळे. क्रिस्पने पोत्यात भरून घरी नेली असती तर नाणी तीच राहिली असती, पण हे काहीच कळलं नसतं.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, डिटेक्टर वगैरे काही नव्हता. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा परत मारलेला. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवला असं कोरलंय, ते या नाण्यांनी पक्कं केलं. इथे किंमत एकेका नाण्याची नाही, ठसा मारलेली किती आणि न मारलेली किती हे सगळं एका जागी मिळालं त्याची आहे. हाच साठा सुटा सुटा बाजारात गेला असता तर हे प्रमाण कायमचं हरवलं असतं. शिवराई या तांब्याच्या नाण्याचंही तसंच, ती महाराजांनंतरही पिढ्यानपिढ्या पाडली गेली, वर सहसा साल नसतं, मजकूर बहुतेक तोच, मग अमुक शिवराई कुठल्या काळातली हे ठरवताना ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली याची फार मदत होते.

त्यामुळे गडावर डिटेक्टर घेऊन जायचा विचार मनात असेल तर सोडा. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. आणि स्वतःच्या शेतात सापडलं तरी १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर शिक्षा आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने शोधणाऱ्याला बाजारभावाने बक्षीस मिळतं, फ्रूमच्या साठ्याची किंमत ३,२०,२५० पौंड ठरली आणि ती क्रिस्प आणि जमीनमालकात वाटली गेली, शिवाय १९९७ पासून साधी सापडलेली वस्तूही नोंदवून घेणारी माणसं तिथे जिल्ह्याजिल्ह्यात नेमली. आपल्याकडे तालुक्याला एक असा माणूस असला तरी नांगराला लागलेली कितीतरी नाणी सोनाराच्या मुशीत जाणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

तोवर नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाणी दिसलीच तर हात थांबवा, आहे तसा फोटो काढा, खोली मोजा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, मडक्याचे तुकडे फेकू नका आणि लेखी कळवा. आणि चिंच-लिंबू लावून घासू तर अजिबात नका, तांब्यावरचा हिरवा थर नाण्याच्याच धातूपासून बनलेला असतो, कितीतरी वेळा अक्षरांचा उठाव त्या थरातच उरलेला असतो, तो गेला की खाली नुसती गुळगुळीत चकती राहते.