प्रोटॉनांची आडकाठी : लेसरने जड आयनांना वेग देण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

प्रभारित कणांना वेग देणारे विद्युतक्षेत्र बाहेरून न लावता कणांच्या समूहाकडूनच निर्माण करवून घ्यावे, ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमिर वेक्स्लर यांनी १९५६ साली जिनिव्हात मांडली. असे क्षेत्र उभे करायला हवा असलेला प्रखर प्रकाश मिळण्याची वाट खुली झाली ती १९८५ मध्ये, जेव्हा डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी लेसरचा स्पंद (अत्यल्प काळाचा झोत) आधी लांबवून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा आवळण्याची पद्धत दाखवली.

अमेरिकेतील लिव्हरमोर येथील पेटावॅट (१०¹⁵ वॅट) शक्तीच्या लेसरने २००० साली ५८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेपर्यंतचे प्रोटॉन दिले. लेसरने तापलेले इलेक्ट्रॉन धातूच्या पातळ पत्र्यातून आरपार जाऊन मागच्या बाजूने बाहेर पडतात आणि तेथे मीटरमागे सुमारे एक लाख कोटी (१०¹²) व्होल्ट इतके क्षेत्र उभे राहते. नेहमीच्या त्वरकांत (कणांना वेग देणाऱ्या यंत्रांत) ते मीटरमागे काही कोटी व्होल्टच असते. लक्ष्य म्हणून ठेवलेला हा पत्रा सोन्याचा असला तरी बाहेर पडत होते ते मुख्यतः प्रोटॉन. निर्वात कक्षातही पत्र्यावर पाण्याचा आणि हायड्रोकार्बनचा अतिशय पातळ थर बसलेला असतो. वस्तुमानाच्या मानाने प्रभार सर्वाधिक असल्याने त्या थरातले प्रोटॉन सर्वांआधी सुटतात आणि मागच्या जड आयनांच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या) वाट्याचे क्षेत्र झाकून टाकतात. माझ्या मते, या विषयाचा पुढचा इतिहास बव्हंशी हा थर काढून टाकण्याचाच इतिहास आहे.

उपाय साधा होता : पत्र्यातून विद्युतप्रवाह सोडून तो तापवायचा. २००२ मध्ये अशा रीतीने प्रोटॉन दडपल्यावर फ्लोरिनच्या आयनांनी प्रति न्यूक्लिऑन (अणुकेंद्रातल्या दर प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) ५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत मजल मारली. २००६ मध्ये लॉस अलामॉस येथे तापवलेल्या पॅलॅडियमच्या पत्र्यावरून कार्बनचे आयन मिळाले, तेही जवळपास एकाच ऊर्जेचे. कार्बनपेक्षा सोने कितीतरी अवघड, कारण त्याच्या अणूतले बरेचसे इलेक्ट्रॉन आधी उपटून काढल्याशिवाय क्षेत्राची पकड बसत नाही. तरीही जर्मनीत डार्मस्टाट येथील फेलिक्स लेसरने, शंभराहून कमी ते काहीशे नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या वर्खातून, प्रति न्यूक्लिऑन ७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेचे आयन मिळवल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा ७ चा आकडा महत्त्वाचा आहे. थोरियम या जड किरणोत्सारी मूलद्रव्याच्या आयनांचा घन पदार्थाइतका दाट पुंजका सुमारे याच ऊर्जेने थोरियमवरच आदळवला, तर दोन्हीकडचे अणुकेंद्र फुटून त्यांचे हलके तुकडे परस्परांत मिसळतील आणि न्यूट्रॉनांनी ठासून भरलेली अणुकेंद्रे तयार होतील, अशी मांडणी म्युनिकच्या दिएत्रिख हाब्स आणि पीटर थिरॉल्फ यांच्या गटाने केली आहे. विश्वात सोने आणि प्लॅटिनम ज्या वाटेने घडले, त्या वाटेवरची ही केंद्रे असल्यामुळे रुमानियातील मागुरेले येथील दहा पेटावॅटच्या लेसरकडे या संशोधकांचे लक्ष लागलेले आहे.