लांब नळी, बारीक गोळी

विदर्भातल्या खेड्यात परवान्याचं हत्यार म्हटलं की बहुधा बारा बोअरची बंदूक, नाहीतर .३२ चं (हे नळीच्या भोकाचं साधारण इंचातलं माप) आखूड रिव्हॉल्व्हर. २०२३ साली आलेलं कानपूरचं ‘प्रबल’ घ्या, त्याची नळी ७६ मिमी. त्याच्या शेजारी .२२ चं सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर ठेवलं तर पाहणारा हमखास म्हणेल, “हे लई दूर मारत असंन.” मारतं थोडं दूर. पण त्या लांबीतून गोळीला जेवढं मिळतं त्याहून कितीतरी जास्त नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला आणि मनगटाला मिळतं.

आधी गोळीचा हिशेब. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं. शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, आत दारू ०.१ ग्रॅमच्या आसपास. पाच सेंटिमीटर नळीतून ही गोळी सुमारे २६० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, पंधरा सेंटिमीटरमधून ३०० च्या घरात, तर लांब रायफलीतून ३७० पर्यंत. काडतुसाची जात बदलली की आकडे बदलतात, पण चढ असाच राहतो. म्हणजे नळी तिप्पट केली तरी वेग वाढला जेमतेम पंधरा टक्के.

त्यात रिव्हॉल्व्हरची एक जन्मजात गळती आहे. सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेलं चाक, फिरायचा तर त्याच्या तोंडात आणि नळीच्या बुडात फट ठेवावीच लागते. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती ०.१ ते ०.२ मिमी असते आणि प्रत्येक बाराला तिच्यातून गरम वायू बाजूला निसटतो. मोटरसायकलचं टॅपेट लावायला मिस्त्री जो फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, वापरतो त्यानेच ही फट मोजता येते, अर्थात सगळी घरं रिकामी करून. ०.२५ मिमीच्या वर पातं सहज जात असेल तर जाणकार बंदूकसाजाला दाखवावं. रशियन सैन्याच्या १८९५ च्या नागाँ रिव्हॉल्व्हरने ही फट बंद केली होती. घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) ओढला की त्याचा सिलिंडर पुढे सरकायचा आणि काडतुसाचं तोंड नळीत शिरायचं. उपाय नामी, पण चाप (बोटाने ओढायची कळ) इतका जड झाला की नेमबाजीतला फायदा चापातच गेला.

आणखी एक गंमत. .२२ च्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, साधारण ४० सेंटिमीटरला एक फेरा असे असतात. म्हणजे सहा इंची नळीत गोळी अर्धा फेरासुद्धा घेत नाही. तरी बाहेर पडताना ती सेकंदाला सातशेहून जास्त गिरक्या घेत असते, आणि हवेत सरळ राहायला तेवढं पुरतं.

आता खरी गोष्ट, माशी आणि खाच. नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा ही माशी. ती मागच्या खाचेत बरोबर मध्ये बसली की नेम सरळ. ती अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली तर चूक किती होईल, हे दोघांमधल्या अंतरावर ठरतं. हे अंतर १०० मिमी असेल तर २५ मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला जाते. २०० मिमी असेल तर सव्वासहा. २५ मीटरच्या स्पर्धेतल्या अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २५ मिमीने बाहेर सरकतं. म्हणजे हाताची तीच चूक, पण एका हत्याराने सहाच्या रेघेवर गोळी आणि दुसऱ्याने आठमध्ये. आंतरराष्ट्रीय नियमांनी या स्पर्धेतल्या पिस्तुलांची नळी १५३ मिमी आणि माशी-खाचेतलं अंतर २२० मिमीवर उगाच बांधलेलं नाही.

चाळिशी लागलेल्यांना याचा वेगळाच लाभ होतो. नजर माशीवर ठेवायची असते, लक्ष्यावर नव्हे, आणि लांब नळीवर माशी डोळ्यापासून आणखी आठ-दहा सेंटिमीटर दूर जाते. जवळचं पुसट दिसणाऱ्या डोळ्याला तेवढ्याने ती रेखीव दिसू लागते. मात्र नवख्याला ही लांबी घाबरवते. चूक स्पष्ट दिसते, हात फार हलतोय असं वाटतं, आणि माशी मध्ये आली की तो चाप झटक्याने ओढतो. थरथर तेवढीच असते, फक्त दिसते जास्त.

आपल्याकडच्या उन्हात माशी चमकते, हाही त्रास आहे. गोल माशीवर उजवीकडून ऊन पडलं की उजळलेली कडच डोळा माशी समजतो आणि गोळी डावीकडे जाते. चिमणीची किंवा मेणबत्तीची काजळी माशीवर धरावी, चमक जाते. जुने नेमबाज हेच करत आले आहेत.

गोळी बारीकच का, याचं उत्तर धक्क्यात आहे. .३८ च्या गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) .२२ च्या तिपटीहून जास्त असतो. .२२ चं सहा इंची पोलादी रिव्हॉल्व्हर किलोभराहून जड भरतं. बाहेरून नळी तेवढीच जाड ठेवली आणि भोक बारीक पाडलं की लोखंड जास्त उरतं, म्हणून त्याच घडणीचं .२२ हे .३८ पेक्षा जड असू शकतं. धक्का नगण्य आणि वजन पुढे, त्यामुळे हत्यार उसळत नाही, शिवाय टोकाला असलेलं वजन थरथर दाबून धरतं. एका हाताने सराव करणाऱ्याचा खांदा मात्र लवकर भरून येतो.

आवाजातही फरक पडतो. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ वर गेला की ध्वनीचा वेग सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास जातो. रिव्हॉल्व्हरची गोळी त्याच्या खालीच राहते, म्हणून नुसता बार ऐकू येतो. रायफलीची वेगवान गोळी ती मर्यादा ओलांडते आणि वरून चाबकासारखा कडाका येतो.

वावरात जागलीला हे कामाचं आहे का? नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि .२२ ची गोळी रानडुकराला फक्त जखमी करून अंगावर उलटवेल. चुकलेली गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि कडक जमिनीवरून उसळते. धुऱ्याच्या (बांधाच्या) आडोशाने ती थांबेल यावर विसंबू नये. सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा.

तिथेही काही चुका नेहमीच्या. लांब नळी दिसली की दुसरा हात तिच्याखाली जातो. तो फटीपाशी आला तर गरम वायू आणि शिशाचे कण बोटं फोडतात. टेकू द्यायचा तो चौकटीच्या (सिलिंडर धरणाऱ्या सांगाड्याच्या) खाली, नळीला नाही. बार उडाला नाही तर लगेच घोडा ओढू नये. काडतूस उशिरा पेटलं आणि तोवर ते नळीसमोरून सरकलेलं असेल तर गोळीला वाट नसते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून ३० सेकंद थांबावं, मगच ते काढावं. .२२ चं पेटतं द्रव्य बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि कधी ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, त्यामुळे फुसका बार इथे जास्त निघतो. याच कारणाने रिकाम्या घरावर घोडा आपटू नये. सुई काडतुसाऐवजी घराच्या कडेवर बसते आणि तिथे खड्डा पडतो, मग काडतुसं अडकू लागतात. .२२ शॉर्ट काडतुसं वापरली तरी घरात पुढे काजळीचं कडं जमतं आणि नंतर लांब काडतूस पूर्ण आत बसत नाही.

साफसफाईत लांबी अडचणीची ठरते. नळीच्या मागे चौकट आडवी येते, म्हणून गज तोंडाकडूनच घालावा लागतो. तो वाकून तोंडाची कड घासली की अचूकपणा गेला. पितळी किंवा प्लॅस्टिकचं वेष्टन असलेला गज घ्यावा आणि तो हळू, सरळ चालवावा. उन्हाळ्यात तेल कमी, कारण काळ्या मातीची धूळ त्यावर बसून लगदा होतो. पावसाळ्यात पातळ हात फिरवावा. कातडी कव्हरात घालून कपाटात ठेवू नये. कातडं ओल धरतं आणि आठवडाभरात नळीवर तांबूस ठिपके उठतात. सुती कापडात गुंडाळून, काडतुसं वेगळ्या कुलपात.