पंकचा पिट आणि गर्दीची सुरक्षितता: पार्श्वभूमी

पंक म्हणजे वेगवान, कर्कश, बंडखोर रॉक संगीत. त्याच्या कार्यक्रमात कुणी जखमी झालं की एक मागणी ठरलेली असते: मॉशिंग, म्हणजे मंचासमोर एकमेकांना धडका देत नाचणं, बंद करा. पंकवाल्यांचं उत्तरही ठरलेलं: पिटमध्ये (गर्दीत या नाचासाठी केलेल्या जागेत) पडलेल्याला आम्हीच उचलतो, तुम्हाला काय कळतंय? हा वाद चाळीसेक वर्षं चालू आहे आणि त्यातला निम्मा घोळ शब्दांचा आहे.

आधी या नाचाचा लंडनमधला भाग, थोडक्यात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या '१०० क्लब'सारख्या तळघरांत जागाच इतकी कमी की जागच्या जागी उभ्या उड्या मारण्याखेरीज काही शक्य नव्हतं. तोच 'पोगो' नावाचा नाच. सप्टेंबर १९७६ मध्ये तिथल्या दोन दिवसांच्या पंक महोत्सवात कुणीतरी ग्लास भिरकावला, काच एका मुलीच्या डोळ्यात गेली आणि क्लबने पंक बँडना दार बंद केलं. इजा ग्लासने केली, शिक्षा संगीताला झाली. हा क्रम पुढे बरेचदा दिसतो.

खरा बदल दक्षिण कॅलिफोर्नियातला, साधारण १९७८ ते १९८० दरम्यानचा. हंटिंग्टन बीच आणि आजूबाजूच्या उपनगरांतली दणकट पोरं पंककडे वळली आणि पोगोच्या उभ्या उड्या आडव्या झाल्या. हात फिरवत, खांदे देत, गोल फिरायचं. नाव पडलं स्लॅम डान्सिंग. 'मॉश' हा शब्द त्यानंतरचा. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडचा गायक जमैकन ढंगात 'मॅश' म्हणायचा आणि पोरांनी ते 'मॉश' असं ऐकलं, ही त्याची सर्वात प्रचलित व्युत्पत्ती.

दीड-दोनशे जणांच्या खोलीत या नाचाला अलिखित कायदा होता. कुणी पडलं की आजूबाजूचे चौघे थांबतात, काखेत हात घालून त्याला उभं करतात. पायातून निसटलेला बूट कुणीतरी हात उंच करून धरून ठेवतो, मालक येईपर्यंत. बुटाची नाडी बांधायला कुणी वाकलं तर शेजारचा पाठ करून आडोसा देतो. मात्र हा कायदा आत असलेल्यांपुरता. मुली आणि अंगाने किरकोळ पोरं हळूहळू भिंतीला लागली, आणि त्याची खंत तेव्हा फार थोड्यांना होती.

ती वॉशिंग्टनमध्ये वाटली. १९८५ च्या उन्हाळ्यात तिथल्या काही बँडनी या दांडगाईकडे ठरवून पाठ फिरवली. त्यांतलीच मंडळी १९८७ मध्ये फुगाझी या बँडमध्ये एकत्र आली. अमेरिकेत त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट शक्यतो पाच डॉलर, प्रवेश सर्व वयांना. आणि एक नियम, ज्यावर आजही भांडणं होतात: समोर कुणी इतरांना तुडवायला लागलं की गाणं मधेच थांबवायचं. गायक त्या माणसाकडे बोट दाखवून शांत, जवळजवळ अतिविनम्र आवाजात समज द्यायचा. तरी नाही ऐकलं तर पैसे परत आणि बाहेरचा रस्ता. त्यासाठी पाच डॉलरच्या नोटा घातलेली पाकिटं तयार असायची.

टीका दोन बाजूंनी झाली. एक, ही मास्तरकी आहे. पंकने ज्या मास्तरांना शिव्या दिल्या तेच आता मंचावर उभे. दोन, बोलणारा कोण? ३१ ऑक्टोबर १९८१ ला न्यूयॉर्कच्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात पंक बँड वाजवत असताना ज्या पोरांनी थेट प्रक्षेपणात धुडगूस घातला आणि वाहिनीला दृश्य तोडावं लागलं, त्यांत फुगाझीचा हाच गायक होता. दुसरा आक्षेप मला पोकळ वाटतो. ज्याने आत राहून पाहिलंय त्यालाच नाच कुठे संपतो हे कळणार. पहिल्यात तथ्य आहे; काही ध्वनिमुद्रणांत तो सूर खरंच कानाला टोचतो. पण त्या काळात गर्दीला आवरायचा दुसरा उपाय म्हणजे पैलवान रखवालदार, आणि त्यांनी किती जणांना बुकललं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ऑलिंपिया शहरातून आलेल्या मुलींच्या बँडनी 'मुली पुढे या' अशी हाक मंचावरून दिली, तीही याच वळणाची.

१९९१ नंतर हा तळघरातला नाच मैदानांत आणि मोठ्या सभागृहांत गेला. तिथे गर्दी हजारोंची, ओळखीचं कुणी नाही, आणि आडोसा देणारी पाठ दिसण्याइतकी मोकळीक नाही. डब्लिनमध्ये मे १९९६ ला १७ वर्षांची मुलगी गर्दीत दडपून मरण पावली. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात चिखलावर लोक घसरून एकमेकांवर पडले, ९ जणांचा मृत्यू झाला. गायकाने मंचावरून मागे सरकायची विनंती केली होती, पण उशीर झाला होता. जानेवारी २००१ मध्ये सिडनीत १६ वर्षांची मुलगी अशाच दाबात सापडली आणि पाच दिवसांनी गेली. यांतले बँड पंक नव्हते, पण बातम्यांत खलनायक एकच: मॉश पिट.

इथे मराठी वाचकाची थोडी सोय आहे. आपल्याकडे 'चेंगराचेंगरी' हा नेमका शब्द आहे, पळापळीपासून वेगळा. इंग्रजी बातम्यांत दोन्हींना सर्रास 'स्टँपीड' हा एकच शब्द वापरला जातो, आणि मग वाटतं की लोक धावले, बेभान झाले. प्रत्यक्षात चौरस मीटरमागे सहा-सात माणसं झाली की धावणं सोडा, हात वर करणंही जमत नाही. छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. डिसेंबर १९७९ मध्ये सिनसिनाटीत ११ जण गेले ते एका रॉक कार्यक्रमाच्या दाराबाहेर, आत शिरण्याआधी. नाचाचा प्रश्नच नव्हता. उलट पिट ही गर्दीतली सगळ्यात मोकळी जागा असते. मोकळी नसेल तर खांदा मारणार कसा? अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चित्रफितींवरून दाखवलं की पिटमधली माणसं वायूच्या कणांसारखी हलतात. आता, ही मोकळी जागा करायला कडेच्यांना मागे रेटावं लागतं, हे पंकवाले सहसा सांगत नाहीत.

रॉस्किल्ड आणि सिडनीनंतर मंचासमोर कठडे घालून गर्दीचे भाग पाडायची पद्धत रुजली, म्हणजे मागचा रेटा पुढच्यांच्या बरगड्यांवर येत नाही. कामाचं काम हे. त्याच्याशेजारी 'मॉशिंगला बंदी' अशा पाट्याही वाढल्या. बॉस्टनमध्ये २०१२ साली पोलिसांनी एका पंक कार्यक्रमात मॉशिंग होऊ दिलं म्हणून सभागृहावरच कारवाई केली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या एका रॅप महोत्सवात १० जण दडपून मेले. सर्वात लहान ९ वर्षांचा. मोठी दुर्घटना झाल्याचं यंत्रणांनी जाहीर केल्यावरही मंचावरचं संगीत सुमारे अर्धा तास चालू होतं.